जिलेबीचा कोरम

२६ जानेवारीला आमच्या गावात लोकशाही सकाळी साडेसातला उगवते आणि जिलेबी संपली की मावळते. तेवढ्या वेळात ध्वजारोहणं चार उरकतात: शाळेत, ग्रामपंचायतीसमोर, विकास सोसायटीत आणि दूध डेअरीवर. गावात गट दोनच आहेत, पण दोरी ओढायला शिवशिवणारे हात पुष्कळ. एकाच खांबावर सगळ्यांची देशभक्ती मावेना, म्हणून खांब वाढवले.

ग्रामपंचायतीचा झेंडा सरपंचबाई फडकवतात. राज्यातल्या पंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि आमचं गाव कायद्याच्या बाहेर नाही. दोरी बाईंच्या हातात असते. भाषण मात्र त्यांच्या यजमानांचं. यजमान कुठल्याच पदावर नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर अविश्वास ठराव आणायची सोय नाही. देशाच्या राष्ट्रपतींवरसुद्धा महाभियोग चालवता येतो. सरपंचपतींचं काय करावं, हे घटनाकारांना सुचलं नव्हतं.

राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. सत्काराला किती लागावेत, यावर ध्वजसंहिता गप्प आहे. त्यामुळे आजी, माजी आणि भावी अशा तिन्ही काळांतल्या पदाधिकाऱ्यांना शाल-श्रीफळ मिळेपर्यंत पोरं थंडीत कुडकुडत उभी असतात. मग सातवीतली एक मुलगी संविधानाची उद्देशिका न अडखळता म्हणून दाखवते. राज्य लोकांचं आहे, हे त्या दिवसात पहिल्यांदा कुणीतरी बोललेलं असतं. टाळ्या पडतात, आणि ‘आता जिलेबी’ अशी घोषणा होते.

जिलेबीला अख्खा गाव असतो. एरवी एकमेकांच्या बांधाकडे न बघणारे भाऊबंदही एकाच रांगेत उभे राहतात. माणशी एक पुडा, पण ‘घरी म्हातारी आहे’ म्हणून दुसरा घेता येतो. काही म्हाताऱ्या निवर्तून बरीच वर्षं झाली, तरी त्यांचा पुडा चालू आहे.

आणि दहा वाजता ग्रामसभा असते.

म्हणजे नोटीस तरी तशी असते. शिपायानं ती आठवडाभर आधी फळ्यावर डकवलेली असते. तिच्यावर आता भावी सभापतींच्या शुभेच्छांचं पोस्टर आलंय. कायद्यानं सभेला गावातले १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे हवेत. दीड हजार मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे २२५ होतात, म्हणून शंभरावर भागतं. तासाभरापूर्वी रांगेत त्याच्या कितीतरी पट माणसं होती. सभेला ग्रामसेवक भाऊसाहेब, शिपाई, दोन सदस्य, पेन्शनीतले गुरुजी आणि सावलीला आलेलं एक कुत्रं. गुरुजी दरवर्षी जमाखर्च वाचायला सांगतात. दरवर्षी त्यांना चहा सांगितला जातो.

कोरम नाही, सभा तहकूब! हे म्हणताना भाऊसाहेबांचा चेहरा बघावा. झेंड्याला सलाम करतानाही तो इतका उजळत नाही. कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही, ही या कायद्यातली सर्वांत गोड तरतूद आहे. पुढे सोयीच्या तारखेला पाच-सात जण बसतात आणि घरकुलाची यादी, वित्त आयोगाचा निधी, गटाराचं काम, सारं ‘सर्वानुमते मंजूर’ होतं. सह्यांचं रजिस्टर शिपाई सायकलवरून घरोघर फिरवतो. सभा लोकांकडे जाते, याहून विकेंद्रीकरण ते काय? वर्षभर मग पारावर चर्चा रंगते, की यादीत पत्र्याच्या घरातलं नाव नाही आणि स्लॅबवाल्याचं कसं आलं. विचारणाऱ्याची सही रजिस्टरात असतेच.

मुळात ही तारीख सभेचीच. १९२९ च्या डिसेंबरात लाहोर काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० ला देशभर लोक जमले, त्यांनी स्वातंत्र्याची शपथ घेतली. गावोगाव दवंडी पिटून माणसं गोळा करा, असं गांधीजींनी सुचवलं होतं. सभा भाषणांशिवाय पार पडल्या, अशी नोंद नेहरूंनी आत्मचरित्रात केली आहे. त्या दिवसाची आठवण राहावी म्हणून नोव्हेंबर १९४९ मध्ये स्वीकारलेलं संविधान अंमलात आणायला २६ जानेवारी १९५० ची वाट पाहिली गेली. १९३० ला जमलेल्यांवर पोलिसांची नजर होती. आता कुणाचीच नसते, म्हणून कदाचित जमायची गरज वाटत नसावी.

यावर उपाय म्हणून आयत्या वेळच्या विषयात माझा एक ठराव नोंदवून घ्यावा. जिलेबी ग्रामसभेच्या जागीच, जमाखर्चाचं वाचन संपल्यावर वाटावी. कोरम न भरल्यास जिलेबीही तहकूब व्हावी, आणि सभेबरोबर ती पाच-सात जणांतच मंजूर व्हावी. घरकुलाची यादी परस्पर गेली तर गाव सोसतं. जिलेबी परस्पर गेली तर गाव पेटून उठेल, एवढी खात्री आहे.

हा ठराव मी भाऊसाहेबांना दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घालून प्रोसिडिंग बुकात ठेवला आणि म्हणाले, “विषय चांगला आहे. ग्रामसभेपुढे ठेवू.”