अभ्यासमंडळास माकणीहून साष्टांग नमस्कार

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
ग्रंथालयशास्त्र अभ्यासमंडळ (विद्यापीठ कुठलंही चालेल)

महोदय,

ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत काय शिकवावं, याची मार्गदर्शक तत्त्वं 'इफ्ला' या जागतिक संघटनेनं २०२२ साली काढली. आपला अभ्यासक्रम त्यांच्याशी जुळवावा, असा तगादा काही उतावळे लोक लावतात म्हणे. आपण मुळीच घाई करू नये. वकिलाच्या मागं बार कौन्सिल आहे, औषधवाल्याच्या मागं फार्मसी कौन्सिल. ग्रंथपालाची पदवी तपासणारं असं कौन्सिल या देशात नाहीच. एवढं सुख कोण सोडतं?

आमच्या वाचनालयातला ग्रंथपाल पोरगा आपल्याच अभ्यासक्रमातला. बी.लिब., मग एम.लिब., दोन्हींत पहिला वर्ग. एएसीआर-२ या तालिकेच्या नियमांप्रमाणे तालिकापत्र असं लिहितो की एक स्वल्पविराम हलणार नाही. आमच्याकडं तालिकेचं कपाट नाही. दाखल नोंदवही आहे आणि देवघेवीचं रजिस्टर. 'कोहा'ची वैशिष्ट्यं लिहून त्यानं दहापैकी आठ गुण घेतले. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते चालू करून बघायला गुण नव्हते.

परवा एक आजोबा आले. "निम्न तेरणा धरणात आमची जमीन गेली, त्याचं गॅझेट कुठं बघावं रं बाळा?" भूसंपादनाची अधिसूचना राजपत्रात छापतात. मात्र जुनं राजपत्र शोधायचं कसं, हे त्याला कुठल्याच पेपरात भेटलं नव्हतं. वाचकाचा वेळ वाचवावा, हा रंगनाथनांचा १९३१ सालचा चौथा नियम तेवढा तोंडपाठ होता. आजोबांनी तो स्वतःच पाळला, उठून गेले.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरचे पुनर्वसनाचे कागद, फोटो इकडं अजून घराघरांतल्या ट्रंकांत पडलेत, वाळवीच्या ताब्यात. ते गोळा कसे करायचे, नोंदवायचे कसे, टिकवायचे कसे? पोराच्या प्रबंधाचा विषय होता एका परदेशी नियतकालिकातल्या उद्धरणांचं विश्लेषण. वाळवीला काहीच अडचण आली नाही.

सगळा दोष आपल्याला देणं मात्र बरं नव्हे. २०२२ मध्ये वाचनालयांचं सरकारी अनुदान साठ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा गावच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ४८ हजार झाले. त्यातले निम्मे पगाराला. म्हणजे महिन्याला दोन हजार. तेव्हा क्षमता जागतिक मानकांशी जुळवण्यापेक्षा या दोन हजारांशी जुळवा. कुलूप उघडणं, पेपर लावणं, तपासणीला साहेब आले की चहा सांगणं. तीन श्रेयांक पुरेत.

अगदीच राहवत नसेल, तर एक प्रात्यक्षिक परीक्षा 'ड' वर्गाच्या वाचनालयात घ्या. प्रश्न एकच: ते गॅझेट शोधून द्या. परीक्षक म्हणून आजोबा बसायला तयार आहेत. मानधनाचं बिल लावणार नाहीत. लाल डब्यातून लोहाऱ्याला जाऊन जमिनीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायचा खर्चही गेली कित्येक वर्षं ते स्वतःच करताहेत.

आपला,
माकणीचा एक वर्गणीदार
(ता. लोहारा, जि. धाराशिव)