शून्य बघायला निघालेलं कुटुंब

अ‍ॅमस्टरडॅममध्ये अख्ख्या वर्षात साधारण साडेआठशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. त्यामुळे अ‍ॅमस्टलवेनच्या नणंदेने "आज घरीच बसा, पाऊस आहे" म्हटलं तेव्हा सासूबाईंनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "तू विसरलीस गं पाऊस," त्या म्हणाल्या आणि आम्ही दादरच्या छत्र्या घेऊन निघालो.

इथला पाऊस वरून पडतच नाही, हे पहिल्या पुलावर कळलं. तो समोरून येतो, कोपऱ्यावर वळतो आणि छत्रीच्या खालून आत शिरतो. दुसऱ्या पुलापर्यंत आमच्या सगळ्या छत्र्यांच्या काड्या आभाळाकडे बघायला लागल्या होत्या. शेजारून मात्र सूटबूट घातलेले गृहस्थ, पुढच्या खोक्यात दोन पोरं आणि भाजी भरलेल्या बायका, ताठ मानेने सायकली हाणत होत्या. पावसाची दखल घेणं हा त्या लोकांना कमीपणा वाटत असावा.

आमच्यात असा एकच माणूस होता. सासरे. बाबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीचशी नीरा डाव्या कालव्यावर. कालवा दिसला की ते आपोआप कामावर रुजू होतात. हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे तीन नामांकित कालवे १६१३ पासून खणायला घेतले आणि २०१० मध्ये हा सगळा वेढा युनेस्कोच्या यादीत गेला, असं मी माहितीपुस्तकातून वाचून दाखवत होते. बाबा कठड्यावरून वाकले होते.

"वाहत नाहीये," ते म्हणाले. "आवर्तन कधी सोडतात?"

हा प्रश्न त्यांनी बोटफेरीच्या चालकालाही विचारला, आणि त्याच्याकडे उत्तर होतं! आठवड्यातल्या काही रात्री शहरातले पाण्याचे दरवाजे बंद करतात आणि बाहेरचं ताजं पाणी आत घेऊन जुनं ढकलून देतात. मग गाळाचा विषय निघाला. गाळात दरसाल बारा-पंधरा हजार सायकली निघतात म्हणे. "आमच्याकडे मोटारी निघतात," बाबांनी न हरता सांगितलं. आम्ही बाकीच्यांनी काय पाहिलं? काच. ओले रेनकोट घातलेली माणसं बंद बोटीत बसली की काचांवर इतकी वाफ धरते की वेस्टरकेर्कचा मनोरा आला नि गेला, तो फक्त ध्वनिफितीतून. लेकाने वाफेवर बोटाने मनोरा काढला. त्यावर आम्ही समाधान मानलं.

सासूबाईंचा जीव घरांच्या कपाळावरच्या आकड्यांत अडकला. इथली जुनी घरं अंगाने अरुंद, जिने शिडीसारखे उभे. कपाट वर न्यायचं कसं? तर माथ्यावरच्या तुळईला आकडा, आकड्याला दोर, आणि कपाट खिडकीतून आत. वर चढणारं सामान भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरं मुद्दाम रस्त्याकडे झुकवून बांधलेली. "म्हणजे आपलं गोदरेजचं आलं असतं," त्या म्हणाल्या. ठाण्यात ते कपाट दारातून घेताना चौकट काढावी लागली होती. त्याचा राग इतक्या वर्षांनी, परमुलखात, भर पावसात निघाला.

डाम चौकातल्या राजवाड्यासमोर थांबलो ते फक्त बाबांमुळे. तो १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे. आकडा पाठ करायची सोय अशी, की वर्षाचे ३६५ दिवस घ्या, पुढे १ आणि मागे ९ लावा. लाकूड पाण्यात बुडलेलं राहिलं तर कुजत नाही. उघडं पडून हवा लागली की खलास. म्हणून कालव्यांची पातळी शून्याच्या चाळीस सेंटिमीटर खाली धरून ठेवतात.

"कुठल्या शून्याच्या?" नवऱ्याने विचारलं. हे विचारायला नको होतं.

ते शून्य इथेच, नगरपालिका आणि ऑपेरा यांच्या जोडइमारतीत ठेवलेलं आहे. त्याचा उगम १६८४ चा: गणिती असलेले महापौर योहानेस हुडे यांनी शहराच्या पाण्याच्या दरवाजांवर पातळीच्या खुणांचे संगमरवरी दगड बसवले. पुढे अर्ध्या युरोपची उंची तिथूनच मोजली जाऊ लागली. चित्रांचं संग्रहालय, गरम चॉकलेट, कोरडी बाकं हे सगळं मागे टाकून आम्ही चिंब कुटुंब शून्य बघायला गेलो. फुकट होतं, एवढंच सासूबाईंचं समाधान.

जिना उतरल्यावर एका खांबाच्या डोक्यावर पितळी बटण. बस. बाबांनी चपला काढल्या नाहीत, इतकंच. वर काचेच्या नळ्यांत पाणी: दोन नळ्यांत समुद्राची आत्ताची पातळी, तिसरी १९५३ च्या महापुराची, ४.५५ मीटर. त्या रात्री या देशात १,८३६ माणसं गेली. लेक मान वर करून नळीचा शेवट शोधत होता. काही वेळ कोणीच छत्र्यांबद्दल तक्रार केली नाही.

मग बाबांनी बारामतीच्या जुन्या सहकाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला.

"अहो, झिरोवर उभा आहे! ओरिजिनल बेंचमार्क!"

"वा साहेब! पाऊसपाणी काय म्हणतंय?"

"सकाळपासून धरलाय. पण कालवा बोटभरसुद्धा चढलेला नाही."

पलीकडे क्षणभर विचार झाला.

"मग साहेब, कुठेतरी गळती असणार. आलाच आहात तर बघून घ्या."


बाबा छत्री शोधू लागले.