बिननावाचे गोटे

मामांचा धुऱ्याचा खटला कोर्टात अकरा वर्षांपासून चालू आहे. तेवढाच हवापालट, म्हणून मी त्यांना शेलूबाजारहून समृद्धीवर चढवलं आणि थेट नागपूरच्या काटोल रोडवर, जुनापाणीला नेलं.

"काय हाय इथं पाह्याले?"

"शिळावर्तुळं, मामा. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. तीनशेच्या आसपास आहेत."

मामांनी कमरेवर हात ठेवून माळ न्याहाळला. "गोटेच हायेत ना, बाबू! टोल भरून गोटे पाह्याले आनलं? आपल्या वावरात काय कमी हायेत?"

मी हार मानली नाही. मोठाले धोंडे गोल मांडायचे, आत दगडमातीची भर घालायची आणि खाली मेलेला माणूस, त्याची काळी-तांबडी मडकी, लोखंडी हत्यारं. जवळच्या माहूरझरीला तर घोड्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साजसुद्धा निघाला. 1867 साली रिव्हेट-कारनॅक नावाच्या साहेबाने इथं उकरलं, सापडलेल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसल्या. हा साहेब कापूस खात्याचा कमिशनर होता, हे ऐकल्यावर मामा प्रथमच खुलले. "म्हंजे कापसाचा सायेब तवाबी कापूस सोडून दुसरंच काही पाहे!"

काही धोंड्यांवर ओळीने खळगे कोरलेले आहेत. त्यांचा ताऱ्यांशी संबंध असावा का, यावर शास्त्रज्ञांनी डोकं लावलं आहे. मामांनी एका खळग्यात अंगठा घालून पाहिला, नीट बसला. मग ते धोंड्याला चारी बाजूंनी फेरी मारून आले.

"नाव कुठी हाय?"

"कुणाचं?"

"ज्यानं बसवला त्याचं. शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, काहीतरी असंनच."

नव्हतं. एवढे धोंडे ओढून आणले आणि एकावरही नाव नाही, हे मामांना पटेना. त्यांचंही बरोबर आहे. दगडावर नाव घालायची रीत आमच्या वाशीमची आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्याने अजिंठ्याच्या 16 नंबरच्या लेण्यात आपला लेख कोरून ठेवला. मंत्र्यांची कोनशिला पाचव्या शतकापासूनची आहे म्हणायची. फरक इतकाच की त्या बिचाऱ्याने आधी लेणं खोदलं. आमच्या गावच्या वेशीत सभामंडपाची कोनशिला उभी आहे, तिच्यावर चौदा नावं आहेत, मंडप नाही. शेळ्या तिला अंग घासतात, त्यामुळे वरची चार नावं अस्पष्ट झाली आहेत. खालच्या दहा जणांना याचं समाधान आहे.

परतीच्या वाटेवर मामा बराच वेळ गप्प होते. कारंजा मागे पडल्यावर म्हणाले, "तीन हजार वर्सं झाली म्हनतं. तरी कोनी एकबी गोटा सरकवला नाही?"

"फारसा नाही."

"ना सातबारा, ना मोजनी?"

"काहीच नाही."

मामांनी काच खाली करून बाहेर पाहिलं. त्यांच्या धुऱ्यावरचा गोटा दरवर्षी पेरणीच्या तोंडावर भावाच्या वावरात हातभर सरकतो. तो कोण सरकवतो, हे कोर्टाला सोडून अख्ख्या गावाला माहीत आहे.