खाडखाड नेमकी कुठून

जुन्या पिकअपची पुढची दोन्ही चाके एकाच ताठ अ‍ॅक्सलवर असतात आणि तो अ‍ॅक्सल दोन कमानपाट्यांना यू-बोल्टांनी आवळलेला असतो. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली. त्या वंशातल्या गाड्या पुढे कांदा, कोंबड्या, वऱ्हाडी आणि गणपती यांच्या वाहतुकीला लागल्या, तरी त्यांच्या पायांत फारसा बदल झाला नाही. या रचनेत एकत्र कुटुंबातल्या जावांप्रमाणे एका चाकाचा खड्डा दुसऱ्यालाही भोगावा लागतो. म्हणून डाव्या चाकाचा आवाज उजवीकडे ऐकू आल्यास ड्रायव्हरच्या कानांना दोष देऊ नये.

पुढून आवाज आला की पहिला संशय शॉकअपवर जातो. याचे कारण यांत्रिक नसून व्यापारी आहे. शॉकअप वाकून पाहिले की दिसतो, पटकन निघतो आणि तालुक्याच्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतो. तो बदलल्यानंतर आवाज पूर्वीसारखाच येतो, फक्त आता नव्या शॉकअपच्या सोबतीने येतो. बॉनेट दाबून सोडायचे आणि गाडी किती वेळा झुलते ते मोजायचे, ही लोकप्रिय चाचणी कारसाठी ठीक आहे. पिकअपचे पाटे मुळात कडक असतात आणि एकमेकांवर घासून तेच झोके जिरवतात. त्यामुळे शॉकअप मेलेला असला तरी गाडी एका झोक्यात शांत होते आणि मालक समाधानाने घरी जातो. शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळले आहे का, किंवा त्याचे रबर झिजले आहे का, एवढे पाहावे. बदलायचा झाल्यास जोडीने बदलावा.

तपासणीला गाडी रिकामी आणावी. भरलेल्या गाडीत वजनाने पाट्यांच्या टोकांचे शॅकल आणि पिना एका बाजूला दाबल्या जातात, त्यांच्यातली ढिलाई लपते आणि मिस्त्रीला ऐकवायच्या वेळी खाडखाड गप्प बसते. मात्र रिकामी गाडी म्हणजे बुडालेले भाडे. पुष्कळ पिकअपांचे निदान वर्षानुवर्षे रखडते ते याच आर्थिक कारणाने.

आधी हवा दोन्ही टायरांत सारखी करावी. मग गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजावी. एक बाजू खाली असेल तर पाटा तुटला आहे किंवा बसला आहे. तुटलेला पाटा चिखलाखाली सहज लपतो, म्हणून मोजण्यापूर्वी धुणे आवश्यक आहे. अनेक गाड्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच आंघोळ असते.

खरा गुन्हेगार बहुधा यू-बोल्ट असतो. पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. त्याचे काम पाटे जुळवून ठेवण्याचे आणि अ‍ॅक्सलला जागा दाखवण्याचे; भार सहन करण्याचे काम यू-बोल्टांच्या पकडीचे. ते सैल झाले की सगळे धक्के सेंटर बोल्टवर येतात आणि तो एके दिवशी कापला जातो. मग अ‍ॅक्सल एका बाजूला मागे सरकतो आणि स्टिअरिंग वाकडे धरल्याशिवाय गाडी सरळ जात नाही. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर दोन्ही बाजूंना मोजले की फरक कळतो. त्याऐवजी अलाइनमेंट करून घेण्याची प्रथा आहे. तिने स्टिअरिंग सरळ होते आणि गाडी तिरकीच राहते.

यानंतर किंगपिन, म्हणजे स्टिअरिंग फिरवताना चाक जिच्याभोवती वळते ती पिन. अ‍ॅक्सलखाली जॅक लावून चाक उचलावे आणि गाडी घोडीवर टेकवावी. कडेचा दगड हे घोडीचे दुसरे नाव नव्हे. चाक वर-खाली धरून हलवावे. ते डुगडुगले तर दोष किंगपिनचा की बेअरिंगचा, यावर गॅरेजमध्ये दोन तट पडतात. एकाने ब्रेक दाबून धरावा: डुगडुग थांबली तर बेअरिंग, चालूच राहिली तर किंगपिन. वाद तेवढ्यावर मिटतो, हा या चाचणीचा एकमेव सामाजिक तोटा. चाक आडवे धरून हलवल्यावर ढिलेपणा जाणवला तर टाय रॉडचे सांधे पाहावेत. किंगपिनला ग्रीस भरण्यापूर्वी निपल पुसावा, नाहीतर चिखलच आत पंप होतो. आणि चाक उचलून भरावे, म्हणजे दाबलेल्या बाजूलाही ग्रीस पोचते.

ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर व्हील बॅलन्सिंग, सैल किंगपिन आणि टाय रॉड यांचा याच क्रमाने विचार करावा. सरळ रस्त्यावरही गाडी भरकटत असेल तर पाटा व अ‍ॅक्सल यांमधली पाचर तपासावी. अनेक गाड्यांत चाकाला आपोआप सरळ होण्याची ओढ देणारा कोन या पाचरीने साधलेला असतो. पाटे बांधताना ती उलटी बसली की गाडीला स्वतःची मते फुटतात.

पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जुने ऑइल मारण्याची पद्धत महाराष्ट्रभर आहे. पत्र्याला ती मानवते. पाट्यांची कुईकुईही काही दिवस थांबते. रबरी बुश मात्र तेलाने फुगून मऊ पडतात, आणि दिवाळीपर्यंत कुईकुईची खाडखाड होते. पितळी बुश असतील तर तेवढी काळजी नको. त्यांना फक्त ग्रीस लागते, आणि तेच कोणी देत नाही. जास्त माल भरता यावा म्हणून ज्यादा पाटा घातलेल्या गाडीत दुरुस्तीचे स्थान बदलते. पाटा मोडत नाही, चॅसीवरचा ब्रॅकेट तडकतो, आणि मिस्त्रीच्या जागी वेल्डर येतो.

रबरी बुशांच्या पिना शेवटी आवळताना गाडी चाकांवर उभी असावी; चाके लटकत असताना आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते. नवे पाटे बसवल्यावर काहीशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी गाडी परत आणायला सांगितलेली असते. ती येते, पण बहुधा सेंटर बोल्ट तुटल्यावर.