रुमाल

माझ्या हातून आमच्या घराण्याच्या कागदांचं जे झालं, ते वाळवीच्या हातून दोनशे वर्षांत झालं नव्हतं. वाळवीला हात नसतात, हे एक कारण. दुसरं कारण, वाळवी निवृत्त होत नाही.

मी निवृत्त झालो आणि तिसऱ्याच महिन्यात वाईजवळच्या गावी घराचा माळा आवरायला गेलो. पत्र्याच्या ट्रंकेत जाड, मळकट फडक्यात बांधलेला मोडी कागदांचा गठ्ठा निघाला. सोबत काळा पडलेला कडुलिंबाचा पाला आणि वेखंडाचं एक कांडं. चुलतभाऊ म्हणाला, ‘‘बंबात घालू का?’’ मी त्याच्याकडे राजवाड्यांच्या नजरेनं बघितलं. इतिहासाचार्य राजवाडे असेच गावोगाव हिंडून, माळे-अडगळी उपसून कागद गोळा करत, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी 1898 साली काढला, पुढे एकूण 22 झाले, हे सगळं त्याला तिथंच सुनावलं. तो म्हणाला, ‘‘बरं. मग चहा घेणार का?’’

पाला आणि वेखंड मी कचरा म्हणून उकिरड्यावर टाकलं. गठ्ठा मांडीवर घेऊन एसटीनं पुण्याला आलो. फडकं मात्र चांगलं दणकट होतं, ते स्कूटरच्या डिकीत ठेवलं.

मोडी मला येत नाही. पण एका कागदावर शिक्क्यासारखं काहीतरी होतं, आणि शिक्का म्हटल्यावर मी त्याला सनद ठरवून मोकळा झालो. आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत ही बातमी दोन दिवसांत पसरली. पसरवायला मीच होतो. सेक्रेटरींनी फक्त एवढंच विचारलं, ‘‘जमीन मिळेल का?’’

आता जतन. आमच्या घरापासून रिक्षानं थोडं गेलं की डेक्कन कॉलेज लागतं. इतिहाससंशोधक पारसनीसांनी साताऱ्याला जमवलेला संग्रह 1939 साली तिथं आला. 1948 पासून चाललेल्या संस्कृत कोशासाठी कोटीच्या घरात चिठ्ठ्या लिहून तिथं जपून ठेवल्यात. कागद कसा सांभाळावा हे विचारायला विश्रांतवाडीच्या माणसाला याहून जवळचा पत्ता नाही. त्या फाटकावरून मी तीस वर्षं नोकरीला गेलो. आत शिरलो एकदाच, शॉर्टकट असेल म्हणून. नव्हता.

मी गेलो चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात. मुलगा म्हणाला, ‘‘काका, आधार आहे का? लॅमिनेशन तीस रुपये.’’ मी म्हणालो, ‘‘आधार नाही, सनद आहे.’’ तो म्हणाला, ‘‘मग साइज मोठी आहे, साठ.’’ साठ रुपयांत सनद चकचकीत होऊन हातात आली. कडेला एक बुडबुडा राहिला होता. तोही मला ऐतिहासिक वाटला.

बाकीच्या फाटक्या कागदांना मी घरीच सेलोटेप लावला. मग कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या आणल्या, आणि कमी पडू नयेत म्हणून जरा जास्त आणल्या. कपाट उघडलं की सार्वजनिक मुतारीत शिरल्यासारखं वाटे. सौभाग्यवती तीन दिवस बहिणीकडे जाऊन राहिली. चौथ्या दिवशी फोन आला, ‘‘ते कागद राहणार की मी?’’ तेव्हा वास घालवायला मी सगळे कागद गच्चीवर उन्हात मांडले आणि प्रत्येकावर एकेक बटाटा ठेवला.

तो नेमका माउलींच्या पालखीचा दिवस होता. आळंदीहून निघालेली पालखी दिघीकडून आमच्याच रस्त्यानं पुण्यात शिरते, आणि आमची सोसायटी वारकऱ्यांना चहा देते. किटली माझ्याकडे होती. टाळांच्या गजरात मी इतका रंगलो, की आभाळ भरून आलंय हे एका वारकरी आजींनी सांगितलं. त्यांना फार आनंद झाला होता. मी किटलीसकट गच्चीकडे धावलो.

बटाटे जागच्या जागी होते. कागद ओले होते. मग मी इस्त्री काढली.

इस्त्रीबद्दल मला अधिक लिहवत नाही. एवढंच सांगतो, की सेलोटेपवर गरम इस्त्री फिरली की दोघं एकमेकांना सोडत नाहीत.

शेवटी ओळखीतून एका बाईंकडे गेलो. मोडी कागदांत आयुष्य घालवलेल्या बाई. त्यांनी गठ्ठा नाकाजवळ नेला, लगेच लांब धरला आणि पंखा लावला. मग पहिला प्रश्न विचारला, ‘‘रुमाल कुठंय?’’

मला घाम फुटलेला होताच. मी खिशातून रुमाल काढून दाखवला.

‘‘तो नव्हे हो. कागद ज्यात बांधले होते तो.’’

दफ्तराच्या भाषेत रुमाल म्हणजे कागद बांधायचं फडकं आणि त्यात बांधलेला गठ्ठाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे 30 हजारांवर रुमाल आहेत. त्यातून निवडून इतिहासकार सरदेसायांनी 1930 ते 1934 मध्ये 45 भाग छापले. आपण ‘बासनात गुंडाळणं’ हे काम टाळण्यासाठी वापरतो, पण कागदाचा खरा रखवालदार ते बासनच. धूळ अडवतं आणि हवा खेळू देतं. बाईंनी हे सगळं शांतपणे सांगितलं, म्हणून जास्त लागलं. चिंध्यांपासून केलेला तो हातकागद आणि काजळाची शाई अजून शे-दोनशे वर्षं सहज टिकली असती. सेलोटेपचा गोंद मुरून पिवळा होतो. लॅमिनेशनचं प्लॅस्टिक वितळून धाग्यात शिरतं, ते परत निघत नाही. फाटलेल्याला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावतात, कारण ती पाण्यानं पुन्हा सोडवता येते. भिजलेला कागद टिपकागदात ठेवून सावलीत, पंख्याखाली वाळवतात. ‘‘आणि इस्त्री?’’ मी विचारलं. बाई काही बोलल्या नाहीत.

मग त्यांनी सनद वाचली. शके 1752 ची लग्नाच्या खर्चाची यादी होती. गूळ, सुपारी, कापूर, वाजंत्री, आणि सगळ्यात मोठी रक्कम ‘किरकोळ’. शिक्का म्हणजे हळदीचा डाग. मी खट्टू झालो, पण बाई हरखल्या. सनदा बऱ्याच सापडतात, म्हणाल्या. त्या साली वाईला सुपारीचा भाव काय होता, हे सांगणारा कागद क्वचित मिळतो. मग प्लॅस्टिकवरून बोट फिरवत म्हणाल्या, ‘‘आणि नेमका हाच तुम्ही…’’

रुमाल मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. वर्षभर त्यानं स्कूटर पुसली होती. बाईंनी तो भिंग लावून उलगडला. एका कोपऱ्यात गठ्ठ्याचं नाव शाईनं लिहिलेलं होतं.

‘‘ ‘बाबत’ वाचता येतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कशाबाबत, ते ऑइलखाली गेलंय.’’

कागद आता बाईंकडे आहेत. त्यांची झेरॉक्स काढून आणतो म्हणालो, तर सौभाग्यवतीनं स्कूटरची किल्ली काढून घेतली.