लिंचला द्यायचा होता हो!

अहो, ऐकलंत का? तो बेव्हेल काय म्हणाला ते? आपल्या सीहॉक्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर हो, डॅरेल बेव्हेल! म्हणे आपल्या रिसीव्हर लॉकेटने चेंडूवर आणखी जोर लावायला हवा होता. घ्या! प्ले यांनी सांगायचा, आणि बोल त्या पोराला.

जरा इकडे सरका, आमचे हे खिडकीतच बसलेत. त्यांना ऐकू गेलं तर पुन्हा डोकं धरतील.

तर काय सांगत होते... १ फेब्रुवारी २०१५ला, सुपर बोलच्या दिवशी, आमच्याकडे अर्धं बेलव्ह्यू लोटलं होतं. बटाटेवडे, सामोसे, आणि जो तो बारा नंबरची जर्सी घालून. गेल्या वर्षी डेन्व्हरला ४३-८ झोडपलेलं, त्यामुळे सगळे कसे फुशारलेले! तिसरा क्वार्टर संपला तेव्हा २४-१४, आपण पुढे. मी म्हटलं, झालं आता, आणि वडे तळायला उठले. तेवढ्यात पेट्रियट्सच्या त्या ब्रेडीने दोन टचडाउन केले की हो! २८-२४. बाहेर येऊन बघते तर सगळे मुके.

आणि मग तो आपल्या कर्सचा झेल! चेंडू त्यांच्या बटलरच्या हाताला लागला, कर्स आडवा पडलेला, चेंडू त्याच्या पायावर उडतोय, आणि पठ्ठ्याने धरला. समोरच्या निळ्या घरातल्या बाई आल्या होत्या, त्यांनी तर माझ्या जावेलाच मिठी मारली. पुढच्याच प्लेला लिंचने चार यार्ड रेटले. उरलं किती? एक यार्ड! तीन प्रयत्न शिल्लक, टाइमआउट हाताशी, आणि दिवसभरात २४ वेळा धावून १०२ यार्ड काढलेला तो लिंच उभा. अहो, अंतरपाट धरलाय, अक्षता मुठीत आहेत, आणि भटजी म्हणतात, थांबा, आधी सत्यनारायण उरकून घेऊ... अगदी तसं केलं हो यांनी!

पास! तोही मधोमध, गर्दीत. २६ सेकंद उरली होती. आपल्या क्वार्टरबॅक विल्सनने लॉकेटकडे फेकला आणि मध्ये कोण घुसलं? तोच बटलर! ड्राफ्टमध्ये कुणी घेतलासुद्धा नव्हता त्याला. आपल्या शर्मनचा चेहरा पाहिलात ना टीव्हीवर? आधी हसू, मग डोळे विस्फारलेले, मग मान खालीच. आमच्याकडेही तेच. ह्यांच्या हातातला वडा हातातच. समालोचक कॉलिन्सवर्थसुद्धा म्हणाला की असा कॉल दिला यावर माझा विश्वासच बसत नाही, आणि तो तर बाहेरचा माणूस.

आता आमचे जावई. ते मायक्रोसॉफ्टवाले, त्यांना प्रत्येक गोष्टीत डेटा लागतो. सोमवारी फोनवर मलाच शिकवत होते. म्हणे, या मोसमात एक यार्डावरून टाकलेला एकही पास तोवर इंटरसेप्ट झाला नव्हता. लिंच तिथून पाच वेळा धावला आणि एकदाच आत गेला. शिवाय पास खाली पडला असता तर घड्याळ थांबलं असतं, मग दोनदा धावायला वेळ होताच. आपल्या कोच कॅरलचंही म्हणणं तेच की समोर त्यांनी जाडजूड गडी उभे केले होते म्हणून पास. असेल हो, गणित बरोबर असेल! पण मी म्हटलं, जावईबापू, टाकायचाच होता तर कोपऱ्यात टाकायचा, कुणाचा हात पोचणार नाही असा. मधोमध कशाला? फोनवर शांतता! मग म्हणाले, ‘आई, लेकीला देतो.’

आणि अहो, मेख पुढेच आहे. त्या पासच्या वेळी कर्सला जागच्या जागी ज्याने थोपवला तो ब्राउनर कुठला? आपलाच की, २०१३ पर्यंत! घरभेदीच म्हणायचा. आणि बटलर काय सांगतोय, की सरावात नेमक्या याच प्लेवर त्याची फजिती झाली होती. म्हणजे ते तयारी करून आले होते, त्यांच्या कोच बिलिचिकने साधा टाइमआउटही घेतला नाही, आणि आपले आपल्याच हुशारीवर खूश.

आणखी एक कानावर आलंय, पण कुणाला सांगू नका हं. म्हणे लिंचला हिरो होऊ द्यायचा नव्हता. तो पत्रकारांसमोर बसून ‘दंड होऊ नये म्हणून आलोय’ एवढंच घोकत होता ना, म्हणून. मला नाही बाई पटत. सुपर बोल हातात असताना कोण असा डाव खेळेल? पण बोलतायत खरं...

कॅरलचं एक बरं. त्याने दोष स्वतःवर घेतला, टीव्हीवरही तेच सांगितलं. फक्त वर पुस्ती जोडली की कॉल वाईट नव्हता, निकाल वाईट लागला! असू दे. पासचंही मी एक वेळ सोडून देईन. पण चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या पोराकडे चेंडू फेकायचा, आणि तासाभरात त्याच्याच नावाने बोटं मोडायची, हे नाही चालायचं. नाव घ्यायचं तर बेव्हेलचं घ्या. आणि हो, संध्याकाळी चहाला याल तेव्हा ह्यांच्यासमोर ‘एक यार्ड’ म्हणून विषय काढू नका हं!