श्रींची रमी

माणूस गेला की तेराव्यापर्यंत आवराआवर होते. डॉट कॉमचा जीव मात्र अडीच महिने घुटमळतो. मुदत संपल्यावर जास्तीत जास्त 45 दिवस नेहमीच्या फीमध्ये नूतनीकरण होऊ शकतं. पुढचे 30 दिवस नाव परत मिळतं, पण दंड असा की मूळ फी म्हणजे चहापाणी वाटावी. शेवटचे 5 दिवस कुणालाच काही करता येत नाही. मग नाव खुल्या बाजारात, आणि तिथे ते क्षणात उचलायला लोकांचे संगणक टपलेलेच असतात.

आमच्या गणेशोत्सव मंडळाचं नाव असंच उचललं गेलं. पावतीपुस्तकं छापून आली होती, त्यांवर वेबसाइटचा पत्ता ठळक. देणगीदार तो उघडतात तर बाप्पाच्या जागी ऑनलाइन रमी! जुन्या नावावर येणारी माणसं आयती मिळतात, म्हणून ही खरेदी. एक ज्येष्ठ सभासद तर मंडळाचाच नवा उपक्रम समजून खेळले आणि हरलेल्या पैशांची पावती मागायला आले.

तातडीची सभा भरली.

"आधी कळवायची पद्धत आहे की नाही?" अध्यक्ष कडाडले.

पद्धत आहे. महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत अशी स्मरणपत्रं पाठवणं नाव नोंदवणाऱ्या कंपनीला बंधनकारक असतं. तीही आली होती, पण माजी कोषाध्यक्षांच्या मुलाच्या कॉलेजातल्या ईमेलवर. मुलगा आता टोरांटोत, दोन लेकरांचा बाप.

"वर्षाचे हजार-बाराशे रुपये! ढोलपथकाच्या वडापावला याहून जास्त जातात," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी कोषाध्यक्षांकडे पाहिलं.

कोषाध्यक्ष तयारीनिशी आले होते. "1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली. हॉटमेल उघडेना. शेवटी मायकेल चेनी नावाच्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून 35 डॉलर भरले. कंपनीने नंतर त्याला 500 डॉलरचा चेक पाठवला. बिल गेट्सचं होतं, तिथे आपलं काय?"

सभा गप्प झाली. गेट्सचं नाव काढल्यावर हिशेब कोण मागणार?

तेवढ्यात मागून सल्लागार आप्पा उठले. "त्या चेनीसाहेबांना यंदा आरतीला बोलवा. वर्गणीचंही बघतील."

ठराव एकमताने मंजूर झाला.